पट्ट्याचं शेवटचं भोक

घड्याळ चालू होतं.

हर्षालीने डबा झटकन बंद केला, जणू आत विंचू होता. मग पुन्हा उघडला. निळ्या तबकडीवर सेकंदकाटा निवांत फिरत होता.

हे शक्य नव्हतं. घड्याळ ऑटोमॅटिक होतं. मनगट हललं की आतलं वजन फिरतं आणि स्प्रिंगला पीळ बसतो. काढून ठेवलं की दीड-दोन दिवसांत ते थांबणारच. ती तर भातकापणीला आठवडाभर घरी, जामसरला गेली होती. शेतातल्या धुळीत खराब नको म्हणून घड्याळ स्टीलच्या डब्यात, डबा कपाटात, खोलीला कुलूप. आणि वेळही बरोबर होती. मधे थांबलं असतं तर ती चुकली असती. म्हणजे कोणीतरी ते रोज हातात घालत होतं.

तिने पट्टा निरखून पाहिला. ती तो दुसऱ्या भोकात अडकवायची. आता शेवटच्या भोकापाशी ताजी दुमड पडली होती. एवढं जाड मनगट बाईचं नसतं.

तिने कपाट तपासलं. पैसे होते, कानातले होते. काहीच गेलं नव्हतं, याचीच तिला जास्त भीती वाटली.

सांगायचं कोणाला? मोखाड्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली तेव्हा घरी मोठं भांडण झालं होतं. बापाने एकाच अटीवर होकार दिला होता: काही कमीजास्त झालं की बिस्तरा गुंडाळून परत यायचं. खोलीत कोणी शिरतं, एवढं एक वाक्य जामसरला पोचलं असतं तर नोकरी संपली असती.

घड्याळ तिने मोखाड्याच्या बाजारातून घेतलं होतं, जमिनीवर मांडलेल्या जुन्या सामानातून. पिवळी पडलेली तबकडी, चारच्या आकड्यापाशी तपकिरी डाग, काचेवर ओरखडे. पण हातात घेऊन हलवलं तर जिवंत. तिने ते घरमालकीण गोजाबाईला कौतुकाने दाखवलं होतं. म्हातारीने हातसुद्धा लावला नाही.

“मेलेल्या माणसाचं असंल,” ती म्हणाली. “नको घालू, बाय.”

पाड्यावर माणूस गेला की त्याच्या वापरातलं सामान मसणात त्याच्यापाशी ठेवतात. ते उचलून बाजारात आणणारेही असतात. हर्षालीला हे माहीत होतं. तिने हसून सोडून दिलं, आणि जव्हारच्या घड्याळजीकडून सगळं पालटून घेतलं. निळी तबकडी, नवे काटे, नवी काच, चामड्याचा पट्टा. मागे फिरतं वजन दिसावं म्हणून पारदर्शक झाकण. “बघ आजी, आता जुन्या माणसाचं काही उरलं नाही,” असं तिने गोजाबाईला सांगितलंही होतं.

शाळेत उमेश सरांना तिने ही गोष्ट मैत्रिणीच्या नावावर खपवून सांगितली.

“भुताला टाइम बघायचा असेल, मॅडम,” ते म्हणाले. “त्यालाही हजेरी लावायची असते.”

सगळे हसले. तीही हसली. पण त्या दिवसापासून संध्याकाळ झाली की ती कडी लावून दारामागे टेबल ओढायची. दिवसा तिला जिवंत माणसाची भीती वाटायची. अंधार पडल्यावर कोणाची, हे ती स्वतःलाही सांगत नव्हती.

शनिवारी तिने घड्याळ डब्यात ठेवलं, कुलूप लावलं, पिशवी उचलली.

“निघते गं आजी. सोमवारी येईन.”

“जा, बाय. सांभाळून.”

ती जीपच्या थांब्यापर्यंत गेली. जीप भरली, गेली. ती मागच्या वाटेने परत आली.

कुलूप उघडं लटकत होतं.

ती तिथूनच पळाली असती. पण उंबऱ्याशी गोजाबाईच्या वहाणा होत्या. म्हणजे म्हातारी आत होती. त्याच्याबरोबर. आतून आवाज नव्हता, साधा खोकलासुद्धा नाही. तिने पडवीतलं मुसळ उचललं आणि दार ढकललं.

गोजाबाई एकटीच होती. भिंतीला टेकून, डोळे मिटून. पोलक्याची बाही वर सरकवलेली. कोपराच्या वर, दंडावरच्या गोंदणावर, घड्याळ आवळून बांधलेलं. पट्टा शेवटच्या भोकात. वरून पदर ओढला की कोणाला दिसू नये अशा जागी. मान कलती करून तिने दंडाला कान लावला होता.

मुसळ पाहताच तिने दोन्ही हात डोक्यावर घेतले. “मारू नको, बाय! चोरत नव्हते!”

“आजी, तू?”

“आमच्या म्हाताऱ्याचं हाये ते. मीच ठेवलं व्हतं मसणात, त्याच्या हाताशी. तू बाजारातून आणलंस तवाच वळखलं.”

“मग सांगायचं ना मला!”

“तू भिऊन खोली सोडली असतीस. न् गाव म्हणलं असतं, मेलेल्याला दिलेलं गोजाने परत घेतलं. कोणाची पोर तापली तरी चेटकीण म्हणून माझ्याच दारात आले असते.” तिने हात खाली घेतले. “तू नसलीस की माझ्याकडल्या किल्लीनं खोली उघडून घालायची. थांबू दिलं नाय, एवढंच.”

ती पट्टा सोडवू लागली. हर्षालीने मुसळ खाली ठेवलं आणि तिचा हात धरला.

“राहू दे, आजी. तुझंच आहे.”

गोजाबाईने घड्याळ दंडावरून उतरवलं, तळहातावर घेतलं. कानाशी नेलं, ऐकलं. मग निळ्या तबकडीकडे ती बराच वेळ बघत राहिली, दारात परका माणूस उभा असावा तशी.

“आवाज त्याचाच हाये,” ती म्हणाली. “पण बाय, त्याचं तोंड तू कुठं टाकलंस?”