धुराची वर्दी

आमची इमारत बंदराच्या धक्क्याला लागून आहे. जहाजाच्या धुरांड्यातून काळा धूर निघाला, की जिला तो आधी दिसेल तिने ओरडायचं, "बायांनो, दोरीवरचे कपडे काढा गं!" असा आमचा वर्षानुवर्षांचा नेम. मग साऱ्या गॅलऱ्या भरायच्या. काजळी झटकता झटकता गप्पा रंगायच्या, कुणीतरी माझ्या खोकल्याची चौकशी करायचं.

आता धक्क्याला लागलेल्या जहाजांना किनाऱ्यावरून वीज देतात, त्यामुळे त्यांची इंजिनं बंद असतात. हवा कशी लख्ख झाली. माझा खोकला गेला आणि त्याच्या पाठोपाठ चौकशाही गेल्या. परदेशातला मुलगा फोनवर म्हणाला, "चला आई, तुझी काळजी मिटली!" त्यानंतर त्याचे फोनही विरळ झाले. गॅलऱ्या दिवसभर ओस असतात.

काल एक जुनाट जहाज आलं. त्याला ती वीज घेण्याची सोयच नव्हती. त्याने पूर्वीसारखा भकाभका धूर सोडला आणि तो सगळ्यांच्या आधी मला दिसला. मी ओरडले नाही. धुतलेली पांढरी चादर काढली आणि गॅलरीतल्या दोरीवर नीट पसरली.

"अहो आजी, चादर काढा, धूर येतोय!" खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची सून ओरडली. मी चादरीच्या सुरकुत्या काढत राहिले. "आजीऽऽ! कान गेले वाटतं यांचे. थांबा, मीच येते वर!"

चादर पसरायच्या आधीच मी दोन कप चहाचं आधण ठेवलं होतं.