बटण दाबण्यापूर्वीची पाच मिनिटं

रेवती आयुष्यातलं पहिलं मत देऊन हसतच बाहेर आली. रांगेतल्या वडिलांनी, बाळगोंडांनी, हळूच विचारलं, “आपल्याच माणसाला दिलंस न्हवं? घरात ठरलंय.”

“नाही, आण्णा. मशीननं आधी पाच मिनिटं दोन्ही उमेदवारांचं वीस वर्षांनंतरचं गाव जगायला लावलं. आपल्या माणसाच्या गावात नदी अशीच काळी, आणि आम्ही पोरं सगळी पुण्याला. विरोधातल्या बाईंच्या गावात मात्र तुम्ही घाटावरून नदीत सूर मारत होता!”

“सत्तरीत? काहीतरीच!” म्हणत ते आत गेले.

पाच मिनिटं कधीच उलटली. रांग ओरडायला लागली. शेवटी दार उघडलं. सदरा ठणठणीत कोरडा, पण आण्णा एका पायावर उड्या मारत कानातलं पाणी काढत होते.