चिमणीचं सोवळं

तव्यावर सुके बोंबील पडले आणि स्वयंपाकघरातली चिमणी पुन्हा बंद पडली. धुराने सासूबाईंना धाप लागली. दुरुस्तीला आलेल्या मेकॅनिकने झाकण उघडून पाहिलं.

“ताई, मोटार ठणठणीत आहे. हिला वास ओळखता येतो. मासळीचा वास आला की थांबायचं, असं सोसायटीने बिल्डिंगमधल्या सगळ्या चिमण्यांना शिकवून ठेवलंय.”

“घर माझं, तवा माझा, आणि सोवळं त्यांचं?” हर्षला तांडेल कडाडली. “हिचं नाक उपटून टाका, दादा!”

“मग ती कायमची बंद पडेल.”

हर्षलाने सासूबाईंना खिडकीशी बसवलं, उरलेले बोंबील तव्यावर टाकले आणि जिन्याकडचं दार सताड उघडलं.

थोड्याच वेळात वरच्या मजल्यावर सोसायटीच्या अध्यक्षांचं अख्खं घर स्वतःच्याच मिरचीच्या फोडणीने ठसकू लागलं. बोंबलाचा वास लागून त्यांचीही चिमणी थांबली होती.