पुढच्या शुक्रवारची बोट

दोह्यात अकरा वर्षं काढली, पण समुद्रकाठच्या कॉर्निशवरची बोटीची सफर काही भैरवीच्या नशिबी आली नाही. नवऱ्याचं, देवव्रतचं, उत्तर ठरलेलं: "पुढच्या शुक्रवारी, इन्शाल्ला." आजही शुक्रवार, आणि तो ऑफिसातच होता. शेवटी संध्याकाळी ती चिडून एकटीच धक्क्यावर आली.

लाइफ जॅकेट देणारा माणूस तिला पाहून गडबडला. "मॅडम, आप? अभी तो साहब के साथ गई थीं. हर शुक्रवार जाती हैं."

"मैं पहली बार आई हूँ," ती फणकारली.

तेवढ्यात दिव्यांनी सजलेली बोट धक्क्याला लागली. देवव्रत हसत उतरला. त्याने मागे हात दिला, आणि तो धरून भैरवीच उतरली. हिच्या अंगावर होता तोच मोरपंखी कुर्ता, तेच कानातले.

देवव्रतने धक्क्यावरच्या भैरवीकडे पाहिलंही नाही. बोटीतून उतरलेली मात्र हिच्याकडे पाहत क्षणभर थांबली.

तिच्या नजरेत नुसती कीव होती.