उशीर माफ

गोदामातल्या चोरीचा आळ रखवालदारावर आला आणि त्याला शिक्षा झाली. "मी कुलपाला हातसुद्धा लावला नव्हता गं," एवढंच तो बायकोला म्हणाला. ती दुसऱ्याच दिवशी वकिलांकडे धावली. "वहिनी, अपिलाचं माझ्यावर सोडा, तुम्ही निर्धास्त राहा," असं म्हणून वकील मुलीच्या लग्नाच्या गडबडीत अडकले आणि मुदत आठवड्याभराने हुकली.

आता आधी उशीर माफ करून घ्यायचा, मग अपील, आणि तोवर जामीनही नाही. कधी सरकारी वकील गैरहजर, कधी न्यायाधीश रजेवर, कधी नंबर लागायच्या आतच कोर्ट उठायचं. दर तारखेला ती शिवणकाम टाकून यायची आणि हात हलवत परत जायची. एकदा ती वकिलांवर कडाडलीच, "तुम्हाला उशीर झाला आठवड्याचा! तो माफ करायचा की नाही, हे ठरवायला यांना किती वर्षं लागणार?"

आज एकदाचा नंबर लागला. नवे न्यायाधीश समजूतदार निघाले. "वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला कशाला? उशीर माफ. अपील ऐकू," ते म्हणाले. "आरोपी सध्या कोणत्या तुरुंगात आहे?"



मागच्या बाकावर बायकोशेजारी बसलेला रखवालदार उठून उभा राहिला. "इथेच आहे, साहेब. शिक्षा पूर्ण भोगून गेल्या महिन्यात घरी आलो."