पडला तो मेला

डॉक्टरांनी हत्ती चार बोटं पुढे सरकवला आणि वाटेतले तीन भालाईत आडवे झाले. त्यांचेच.

“पडला तो मेला,” सेनापती म्हणाला आणि तिघांना उचलून त्याने ताटलीत टाकलं.

घर त्याचं, टेबल त्याचं, म्हणून पदवीही त्याचीच. नोकरीत असताना त्याने जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या. निवृत्त झाला तसा दर रविवारी चार वाजता जेवणाच्या टेबलावर राज्यं मांडायला लागला. बायको म्हणायची, “आधी माझं टेबल सोडवा, मग देश सोडवा.” गेल्या रविवारी तोफांची लढाई झाली होती, त्याच्या आधी किल्ल्याचा वेढा. आज हत्ती. बोटाच्या पेराएवढे चारशे शिपाई, आणि सगळे डॉक्टरांनी रंगवलेले. दाताचा दवाखाना चालू होता तोवर तिथेच, दोन पेशंटच्या मधल्या वेळात, एका केसाच्या ब्रशने. कुणाच्या मिशीला पीळ, कुणाचा एक डोळा जरा बारीक.

पडला तो मेला हा नियम जुना होता. तिसरे गडी मास्तर; त्यांच्या ढगळ बाहीने एकदा अख्खं घोडदळ झाडून नेलं, तेव्हा सेनापतीने तो केला. तेव्हापासून मास्तर बाह्या दुमडून पंच म्हणून बसत.

“हात धुऊन मागे लागलायस की रे,” डॉक्टर हसले.

“नियम म्हणजे नियम. पस्तीस वर्षं लोकांच्या तोंडात हात घातलास, आणि तीन भालाईत सांभाळता येईनात? हात जरा ताळ्यावर ठेव!”

टेबलाखालून मास्तरांनी सेनापतीचा पाय दाबला. सेनापतीने पाय काढून घेतला. पंचाने असला पक्षपात करू नये. सव्वा वर्षात तो डॉक्टरांपुढे एकदाही जिंकला नव्हता. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर रविवारी फुली होती.

डॉक्टरांनी उजवा हात खिशात घातला आणि डावा पुढे केला. काहीतरी नवी चाल दिसतेय, सेनापतीने मनात म्हटलं आणि तो सावरून बसला.

बायको चहा घेऊन आली. डॉक्टरांपुढे तिने अर्धाच भरलेला कप ठेवला.

“अगं, पाहुण्याला अर्धा कप?”

“भाऊजींना तेवढाच लागतो,” ती म्हणाली आणि आत गेली.

डॉक्टरांनी डाव्या हाताने धनुर्धाऱ्यांची रांग उचलायला घेतली. आधी एक कलला, मग त्याच्यावर दुसरा, आणि बघता बघता उजवी फळी झोपली. या वेळी डॉक्टरच म्हणाले,

“पडला तो मेला.”

सेनापतीने टाळी वाजवली. एकट्यानेच.

निघताना डॉक्टरांनी ब्रशांची पेटी टेबलाच्या कडेला ठेवली. “तुझ्याकडेच असू दे. घरी नुसती पडून असते.”

“पुढच्या रविवारी आरमारी लढाई, बरं का! गलबतं तयार आहेत.”

“गलबतं,” डॉक्टर म्हणाले. कठडा धरून ते जिना उतरले. मास्तर त्यांच्या मागोमाग उतरले, सेनापतीचा निरोप न घेता.

सेनापतीने कॅलेंडरवर बरोबरची खूण केली आणि शीळ घालत शिपाई भरायला घेतले. हत्ती नवे होते, डॉक्टरांनी याच महिन्यात रंगवून आणलेले. खोक्यात ठेवता ठेवता त्याने एक माहूत खिडकीशी नेला. मग दुसरा. मग सगळे. एकालाही डोळे नव्हते. डोळ्यांच्या जागी रंग पुसल्याचे फराटे होते. पुन्हा लावलेला, पुन्हा पुसलेला.

“दवाखाना कंटाळा आला म्हणून बंद केला म्हणाला होता ना गं?” त्याने आत विचारलं.

आतून भांड्यांचा आवाज थांबला.

“दोन महिने झाले,” बायको म्हणाली, “मी कप अर्धाच भरतेय.”

त्या आठवड्यात सेनापतीने दुसरं काही केलं नाही. चारशे शिपाई उलटे केले आणि एकेकाच्या पायाखाली जाड लोखंडी चकती चिकटवली. जेवण स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी उभ्याने झालं. बायको टेबलाबद्दल एका शब्दाने बोलली नाही. बुधवारी त्याने डॉक्टरांना फोन केला. गलबतांबद्दल बोलला, वाऱ्याबद्दल बोलला, चकत्यांबद्दल बोलायला धजला नाही. डॉक्टर म्हणाले, “बघू.”

रविवारी चार वाजता मास्तर एकटेच आले. बाह्या दुमडून आपल्या जागी बसले. गलबतांवर शिपाई रांगेत उभे होते. साडेचार झाले. पाच वाजले. समोरची खुर्ची तशीच होती.

सेनापतीने टेबलावर मूठ आपटली. कप उडाला, फासे खाली गेले.

शिपाई एकही पडला नाही.