अजून एक तुकडा

वैजयंती भटकंतीत एकाच, झूम न होणाऱ्या लेन्सनं किल्ले तुकड्यातुकड्यानं टिपायची आणि जोडून लांबलचक फोटो करायची. आज तिच्या लेकाच्या जावळाला मामा म्हणून दोन्ही भाऊ सोलापुरात सिद्धेश्वर तलावावर आले होते, शेतातल्या विहिरीच्या वाटणीवरून एकमेकांशी अबोला धरलेले. आईला दोघे एकाच फोटोत हवे होते. “मी न्हाय त्याच्यासंगं हुबा ऱ्हाणार,” थोरला गुरगुरला. “नगं ऱ्हाऊस, दादा. येगळे तुकडे काढून जोडते की. फकस्त दोन्हींत आई पायजे.” थोरल्यानं आईच्या खांद्यावर हात ठेवला. क्लिक. तो निघणार, तोच वैजयंती कडाडली, “हात काढू नगंस! दुसऱ्या तुकड्यातबी दिसला पायजे, न्हायतर जोड चुकतोय!” धाकट्यानं तोंड फिरवून दुसरा खांदा धरला. क्लिक. “अजून एक तुकडा,” म्हणत ती मागं सरकत गेली, तिघं एकाच चौकटीत मावेपर्यंत. आईनं खांद्यावरचे दोन्ही हात घट्ट धरले.